एकाच जागेच्या दोघी

उच्च न्यायालयातल्या बाकावर शेजारची बाई पाण्याची बाटली उघडत होती. झाकण काही केल्या फिरेचना. मी ते उघडून दिलं. ग्रामसेविका म्हणून मी रुजू झाले होते आणि माझी निवड रद्द करा म्हणून कुणीतरी याचिका केली होती.

"तुमची कसली केस?" मी विचारलं.

"ग्रामसेवक भरतीची. माझं एक बरोबर उत्तर चूक धरलं. तेवढ्यावरून जागा गेली."

"ती जागा मला मिळालीय," मी म्हणाले.

तिनं बाटली बाकावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही पैसे नव्हते ना दिले?"

"नाही हो. अभ्यास केला होता."

"मीपण."

इतके दिवस याचिका करणारी खोटी ठरली नाही तर, अशी भीती वाटायची. आता ती खरंच बोलतेय, याचीच भीती वाटू लागली. तिला न्याय मिळाला तर माझ्या घरात काय उरेल? आणि नाही मिळाला तर तिच्या?

आतून आमचा पुकारा झाला. दोघी एकदमच उठलो. दाराशी ती मला वाट द्यायला थांबली, आणि मी तिला.