विहीर पुजली त्या दिवशीची नोंद

मंगळवार, ११ डिसेंबर १९३४. हजर: बाळंतीण, तिची सासू, खुरपणीच्या टोळीतल्या पाच बायका, मुकादम, आणि कचेरीच्या ओट्यावर मी.

इंदापूर तालुक्यात कालव्याकाठच्या एका ऊसमळ्यावर मी हजेरी कारकून होतो. नोंद ठेवल्याशिवाय मला चैन पडत नसे. बाळंतीण सव्वा महिन्याने विहीर पुजायला निघाली, तेव्हाही वही मांडीवर होती. बायका घोळक्याने गेल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि ती कमरेवर भांडं घेऊन परतली. मी लिहिलं: ‘विहीर पुजली. बरी. सोमवारपासून कामावर.’

सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मी हजेरीतून तिचं नाव काढलं आणि यादी बारामतीच्या मोठ्या कचेरीत पाठवली. नाव गेलं की मळ्यावरची खोलीही जाई. ती खोली आता तुमची, असं दुसऱ्या एका कुटुंबाला मी सांगूनही टाकलं.

गुरुवारी सकाळी सासू ओट्याशी उभी राहिली.

“भाऊसाहेब, सून तापानं फणफणलीया, आन् तुमी तिचं नाव कापलं?”

“मावशी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. घागर घेऊन चालत होती.”

“घागर कुठली! तळाला चूळभर पाणी असलेली कळशी हुती. दोघीजणींनी तिला बगलंत धरली हुती. तुमास्नी नुसती कळशीच दिसली व्हय?”

“मग तापात नेलीत कशाला?”

“सव्वा म्हयना भरला म्हून. विहीर पुजल्याबिगर तिला पाण्याला शिवू कोन दिल? का विहीर ताप उतरंस्तवर थांबती?”

बाजूला उभा असलेला मुकादम हसला. “म्हातारे, विहीर पुजली म्हंजी बाळंतीण उठली. आमच्या लोणी भापकरला असंच धरत्यात.”

“तुज्या लोणीला बाप्ये बाळंत हुत्यात का रं? मग तुला काय ठावं? गप बस.”

मी नियमांचा कागद काढला. बाळंतपणाची रजा सव्वा महिना, एवढं मला पाठ होतं. खाली आणखी एक ओळ होती: त्यानंतरही आजारी असल्यास डॉक्टरच्या चिठ्ठीवर जागा राखावी. ती ओळ मी टोळीला कधीच वाचून दाखवली नव्हती. मग चिठ्ठी मागायची हे त्यांना कळणार कुठून?

डॉक्टर दर गुरुवारी येत. मी त्यांना सरळ खोलीवर नेलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मूल मांडीवर. डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. त्या पायांनी ती विहिरीपर्यंत गेली होती.

“उद्यापास्नं येते,” ती म्हणाली. “खोली तेवढी घेऊ नका.”

डॉक्टरांनी महिन्याची विश्रांती लिहून दिली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या मोटारीने बारामतीला गेलो. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की चूक माझी. साहेबांनी अर्ज वाचला, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “विहीर पुजणं हा प्रकृतीचा दाखला कधीपासून झाला?” नाव परत चढलं. आल्याबरोबर मी दुसऱ्या कुटुंबाला नाही म्हणून सांगितलं, आणि ती ओळ मोठ्याने टोळीला वाचून दाखवली, दोनदा.

संक्रांतीनंतर ती खुरपं घेऊन आली. पायांची सूज उतरली होती. हजेरी देताना म्हणाली, “सासू काय बी म्हनू द्या, मुकादमानंच नाव कापलं, तुमी जोडलंसा.”

मुकादम लांब पाटावर होता, त्याला ऐकू गेलं नाही. मी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढे ती माणसं कळसला स्वतःच्या जमिनीवर राहायला गेली. दर वर्षी नवी वही घेताना जुन्या वहीतली राहिलेली कामं मी उतरवून काढतो. चार वर्षं पहिलं काम तेच आहे: कळसला जाऊन तिला सांगणे, नाव मी काढलं होतं.