घोड्यालाही एकेरी वाहतूक

हातातला चहा आधी संपवा, नाहीतर हसताना सांडेल. किस्सा माझ्याच लग्नाचा आहे!

कॉम्प्युटर नावाची वस्तू चपला बाहेर काढून बघायची, त्या काळातली गोष्ट. मी पुण्याहून 'सिस्टिम' शिकून आलो आणि धुळ्याजवळच्या आमच्या गावात नगरपालिकेत चिकटलो. डोक्यात एकच खूळ: गाव म्हणजे मोठी यंत्रणा. चौकोन काढा, बाण काढा, एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. बाण उलटा फिरता कामा नये!

तसा अख्ख्या गावाचा एकेरी वाहतुकीचा आराखडा काढला. एस.टी., बैलगाडी, सायकल असा भेदभावच नाही. माणूस सोडून रस्त्यावर जे जे हलतं, ते वाहन! चौकातल्या हवालदार आबांना वर दम भरला, "नगराध्यक्ष आले तरी सोडायचं नाही."

आणि लगेच माझंच लग्न ठरलं. मुलगी गावातलीच, मांडव जुन्या पेठेत. घोड्यावरून मारुतीच्या पाया पडून आलो, मागे बैलगाड्यांत वऱ्हाड, त्यातच बँड वाजतोय, आणि मांडवाच्या गल्लीशी आबांनी हात आडवा केला.

"साहेब, आठून जावानं नही."

"आबा, अहो मी नवरदेव!"

"घोडा वाहन शे का नही?"

"आहे, पण..."

"मंग? नगराध्यक्ष उना तरी सोडानं नही, हाई तुम्हीच सांगेल शे."

बाण माझाच! वळवला घोडा. बाणामागून बाण, गल्ल्या संपल्या, गाव संपलं, वरात थेट आग्रा रोडवर! मागे ट्रक भोंगे मारतायत. मामा ओरडले, "अरे, नवरीला सोडून सोनगीरला निघालास का?"

मुहूर्त टळत चाललेला. ती बिचारी अंतरपाटाशी उभी असेल या विचारानं जीव कासावीस झाला हो! मारली उडी, बाशिंग काखेत, आणि पळत सुटलो. चौकात आबांनी चक्क सलाम ठोकला. पायी माणसाला बंदी नव्हती ना!

मांडवाच्या दारात मेहुण्यानं दंड धरला. धुळीनं माखलेला मी त्याला ओळखूच येईना. "पंगतीला वेळ आहे, भाऊ! आधी नवरदेव तर येऊ द्या!"

"अहो, मीच तो!"

भटजी म्हणाले, आता कुणाची वाट बघाल तर मुहूर्त गेलाच. पडल्या अक्षता. हार घालताना तिनं हळूच विचारलं, "घोडा कुठाय?"

"येतोय," मी म्हटलं, "नियमानं."

आला. पंगती उठल्यावर! मागे गाड्यांत माझी आई, वडील, मामा, करवल्या, अख्खा बँड. म्हणून सांगतो, आमच्या लग्नाचा फोटो बघा कधी. मुलीकडची माणसं चौकटीत मावत नाहीत, आणि मुलाकडचा म्हणून उभा आहे तो मी एकटाच!