शेकवलेला डफ

दुष्काळाच्या त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. वय विसाच्या आसपास, मॅट्रिकला दोनदा आपटलेली. माझ्या अबोल्यानं देवाचं काय अडणार होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण दिवाळी सरता सरता बाप गेला, विहिरीत गाळ तेवढा उरला, आणि कुणावर तरी राग काढायला हवा होता. जेवणाआधी आई प्रार्थना करायची तेव्हा मी निषेध म्हणून एक डोळा उघडा ठेवायचे. दुसरा सवयीनं मिटायचाच.

आमची ख्रिस्ती वस्ती भोकरदनच्या रस्त्याला, गावाच्या कडेला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणारी मंडळी घरोघर जायची. दारात एक गाणं व्हायचं, घरची बाई करंज्या-लाडवांचं ताट पुढं करायची, मग पुढचं घर. या फेरीतला डफ माझ्या बापाचा. बापाशिवाय फेरी निघालेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या वर्षी नाताळ जवळ आल्यावर चर्चच्या मंडळीचे पंच घरी आले. आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा. स्वभावानं गरीब माणूस, आणि गरीब स्वभावाच्या माणसांनीच मला जास्त ताप दिलाय. चाऱ्यापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, की हे दुःखाचं घर, तेव्हा यंदा फेरी तुमच्या दारात थांबणार नाही. समोरून गुपचूप निघून जाऊ. तुम्हीही दारावर नाताळची कागदी चांदणी लावू नका, लोक नावं ठेवतील. मयत झालेल्या घरानं वर्षभर सण करायचा नाही, ही गावची रीत आम्हीही इमानानं पाळत होतो.

आई म्हणाली, "बरं."

मामा गेल्यावर ती राख घेऊन परात घासायला बसली. परातीला भोक पडतं की काय असं वाटेस्तोवर घासत राहिली.

"मातीच्या दिवशी ह्योच म्हणत व्हता, रडू नका, त्यो प्रभूजवळ गेला, आनंद करा. आता आनंदाचा दिवस आला तर म्हणून राह्यला, गप बसा. मंग करावा तरी कधी?"

मी म्हटलं, करूच नये. देवानं असं काय दिलंय आपल्याला?

"तुला कुणी विचारलं?" ती म्हणाली. आमच्या घरातली धर्मचर्चा तिथं संपली.

आम्ही दोघी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी तिथं सुकडी मिळायची, गोड पिठासारखी. आई आपल्यातली अर्धी पदराला बांधून घरी आणायची. दुःखानं तिची भूक मेली असं मी धरून चालले, आणि खा म्हणून तिच्यावरच डाफरायचे.

नाताळच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर तिनं खुंटीवरचा डफ काढला आणि चुलीपुढं धरून शेकवायला लागली. थंडीत कातडं सैल पडतं. बाप निघण्याआधी असाच शेकवायचा. वाजवणारा गेल्यावर डफ कशाला शेकवायचा? मला वाटलं, आठवण काढतेय. त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात वरच्या आळीतून गाणं ऐकू आलं. दुःखाच्या घरी डफ कसा मागायचा म्हणून गाणाऱ्यांनी ठेक्याला डालड्याचा डबा आणला होता. गाणं एकीकडं, डबा दुसरीकडं.

"ऐकून राह्यलीस का," आई दात चावत म्हणाली. "पार वाट लावली तुझ्या बापाच्या गाण्याची."

मग आमच्या कोपऱ्यावर डबा थांबला. गाणंही थांबलं. मी दारातून पाहिलं: पुढं मामा, कंदिलाची वात बारीक केलेली, मागं सगळे मान खाली घालून, चपला हातात घेऊन. चपला हातात! चोरसुद्धा आमच्या घरासमोरून इतक्या आदरानं गेले नसते. ते दृश्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

आई डफ घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"दादा, नवरा माझा गेलाय. येशू जन्मला त्यो माझ्यासाठी न्हाई का?"

लोक काय म्हणतील, असं काहीतरी मामा पुटपुटले. लोकांचं विचारलंच नाही, असं तिनं त्यांना सुनावलं. डबेवाल्यानं डबा पाठीमागं लपवला. मग तिनं डफ माझ्या हातात कोंबला. मला एकच ठेका यायचा, लहानपणी बापानं शिकवलेला. मी मागं सरले.

"देवासाठी नको वाजवू," ती म्हणाली. "बापासाठी वाजव."

मी वाजवला. सगळा राग त्या कातड्यावर काढला. ठेका असा पळाला की गाणाऱ्यांना धाप लागली. जन्मभर संथ गाणारे मामा एक अख्खी ओळ मागं राहिले. आई त्यांच्याकडं रोखून बघत गात होती, गालांवरचं पाणी पुसतही नव्हती. मामांची तारांबळ बघून कुणीतरी बाई फिसकन हसली आणि आईलाही हसू फुटलं. माती झाल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच तिनं पुढची ओळ उचलली.

मग तिनं आतून झाकलेलं ताट आणलं. सुकडीचे लाडू. वळून ठेवलेले. म्हणजे ते "बरं" मामांना वाटेला लावण्यापुरतंच होतं. मामा लाडू हातात धरून उभे राहिले.

"खा, दादा."

त्यांनी खाल्ला.

डफ पुढच्या घरांना नेऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. डफ पोरीशिवाय जाणार नाही, असं आईनं सांगितलं. उरलेल्या सगळ्या दारांत मी तोच एक ठेका बडवला. वस्तीनं तो निमूटपणे सोसला. शेवटच्या दारात मामांनी प्रार्थना केली. माझे दोन्ही डोळे मिटलेत हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. एक घाईनं उघडला, पण तोवर आमेन झालं होतं.