डिकीतली वाळू

आमच्या वहिनी दवाखान्यात एक्स-रे काढतात. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगायचं आणि संध्याकाळी घराच्या चढाखाली गाडी आली की स्वतःचा रोखायचा. रस्ता ओला असला, त्यावर पानं पडलेली असली, की गाडीची पुढची चाकं जागच्या जागी फिरत. मग गाडी खालीच लावायची, पिशव्या उचलायच्या आणि दोन पोरांना हाकत वर चालायचं. दादा बोटीवर नोकरीला. तो वर्षातून दोनदा येतो, सल्ले मात्र रोज देतो.

सल्ल्यांच्या बाबतीत मीही मागे नव्हतो. मी धाकटा दीर, शेजारच्या गल्लीत राहणारा आणि गाड्यांबद्दल मिळेल ते वाचणारा. चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळतं अशी मोठी गाडी घ्या, असा धोशा मी लावला. शोरूमवाल्याने ती आणून चढावरून अशी नेली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी बोटांवर हिशेब करत होत्या. त्या गाडीच्या हप्त्यांसाठी रविवारचीही पाळी धरावी लागणार होती, आणि रविवार सोडला तर त्यांना अंग टेकायला दिवसच नव्हता.

"भाऊजी, गाडी चढेल हो," त्या म्हणाल्या. "मी चढेन का, ते बघायचंय."

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मत दिलं नाही. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवली. अर्धं गाव त्यांचा ओरडा खाऊन चालवायला शिकलं. नजर अधू झाली तशी त्यांनी किल्ली खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे चालवणाऱ्याच्या शेजारीही बसेनात. ती शिकवणाऱ्याची जागा, तिथे त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. आता तिथे पाहुण्यासारखं काय बसायचं, म्हणत. मागे बसत, तोंडाला कुलूप लावून. गाडीचं एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पावसाचे दिवस आले की एका हाताने कंबर धरत वाळूची दोन पोती भरायची आणि डिकीच्या पार मागच्या कडेला लावायची. त्यांच्या जुन्या गाडीत ती असत, म्हणून वहिनींच्या गाडीतही. गाडीच्या बाबतीत अप्पांच्या शब्दावर आमच्या घरात कोणी ब्र काढत नाही.

शेवटी वहिनी कंटाळून नव्या गाडीला हो म्हणाल्या. आताची विकायची म्हणून ती गॅरेजमध्ये धुवायला दिली. तिथल्यांनी डिकी रिकामी केली आणि ते पोती परत ठेवायला विसरले. त्या संध्याकाळी चढावर पानांचा नुसता चिखल होता. वहिनी सवयीने खाली थांबल्या, पण धाकटी मागे झोपली होती आणि तिला उचलून नेण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. बघू तरी, म्हणून त्यांनी गाडी चढाला घातली. गाडी वर आली. त्या पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. मग त्यांनी मला बोलावलं.

मी रिकामी डिकी पाहिली आणि माझं सगळं वाचन माझ्याच तोंडावर आपटलं. अप्पांची जुनी गाडी मागच्या चाकांवर चालायची, तिला मागे वजन लागायचं. हिला पुढची चाकं ओढतात. मागच्या वाळूने पुढची बाजू हलकी होत होती आणि चाकं घसरत होती.

नव्या गाडीची गरज उरली नव्हती, रविवार वाचला होता, पण वहिनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. पोती गॅरेजमध्ये हरवली असं अप्पांना सांगू, मी सुचवलं. त्यांनी नकाराची मान हलवली. अप्पा उद्या कंबर मोडून पुन्हा भरतील, म्हणाल्या, आणि उठून स्वतःच त्यांना सांगून आल्या. मी दाराशी उभा होतो.

"म्हणजे इतके दिवस मीच तुला पायी चढवत होतो, सूनबाई?" अप्पांनी विचारलं.

वहिनी इतक्या दमल्या होत्या की त्यांना खोटंही सुचलं नाही. "हो, अप्पा," त्या म्हणाल्या. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी आधीच मागे बसलो होतो. अप्पा काठी टेकत आले, मागचं दार ओलांडून पुढे गेले आणि वहिनींच्या शेजारचं दार उघडलं.

"वजन पुढे हवं ना?" म्हणाले आणि बसले.

परतताना चढ आला. "पहिला गिअर टाक," अप्पा म्हणाले. "घाई नको." वहिनींनी पहिला टाकला. गाडी पानांवरून सावकाश चढू लागली. अप्पांचा पाय ब्रेक नसलेल्या जागी घट्ट दाबलेला होता. वहिनींनी तो पाहिला आणि आरशातून मला खुणावलं, काही बोलू नका.