मर्दुमकी

सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. स्कूटरच्या चाकाला लागून पडली होती. चार पुरुष काठ्या घेऊन तिच्यावर तुटून पडले. दुसऱ्याच घावात तिची कंबर मोडली, तरी ती पुढच्या अर्ध्या अंगाने सरपटत राहिली आणि मागचं अंग ओल्या दोरखंडासारखं फरफटत गेलं.

"डोकं ठेचा," वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "मारणाऱ्याचा फोटो राहतो त्यांच्या डोळ्यांत. जोडीदार शोधत येतो."

मग कुणीतरी वीट आणली. डोकं फरशीला चिकटेपर्यंत ते ठेचत राहिले.

"मोठी मर्दुमकी गाजवलीत," गॅलरीतून काकू म्हणाल्या. "बिनविषारी होती ती."

तो शब्द डोक्यातून जाईना. घरी येऊन कोश उघडला. मर्दुमकी म्हणजे पराक्रम, शौर्य. मुळात फारसी 'मर्दुम', म्हणजे माणूस. त्याच शब्दापासून फारसीत माणुसकीलाही शब्द निघाला. आपल्यापर्यंत पोचला तो मात्र हातात हत्यार घेऊनच.

खाली आता ते धामणीला तूप घालून अग्नी देत होते. चौघांनीही हात जोडले होते. मला हाक आली, मी गेलो नाही.

फोटोचं खरं असतं, तर त्या डोळ्यांत सगळ्यात आधी मीच सापडलो असतो. जिन्याच्या पायरीवर उभा, ही धामण आहे हे पक्कं ओळखून, कपडे वाळत घालायची काठी शेजाऱ्याच्या हातात देताना.