जमिनीवर अंथरलेला तक्ता

पोरीनं डोळे फिरवले, तरी सासूबाई तिच्या तोंडाला वाटी लावतच होत्या. "पी गं माय, बाईनं सांगितलेलं पाणी हाय." पोरीला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. मी वाटीत बोट बुडवून चाखलं आणि थुंकले. नुसतं खारट.

"आत्याबाई, मीठ किती टाकलं?"

"बाईनं दाखवलं तेवढं. मूठभर."

"तुमी पाह्यलं?"

"कसं पाहू? थोरले दीर म्होरंच बसल्ते."

मूठभर मीठ आमच्याकडे बैलांच्या आंबोणात पडायचं.

त्याच सकाळी देवळात परतूरच्या नर्सबाईंचं भाषण झालं होतं. आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा होता. बाईंनी चित्रांचा तक्ता गडीमाणसांच्या बाजूच्या खांबाला टांगला, आमच्याकडे पाठ केली आणि छडीनं ठोकून सांगितलं, "एवढं मीठ, एवढी साखर, एवढं पाणी." आम्ही सगळ्या बाया नाकापर्यंत पदर ओढून खाली बघत बसलेलो. मीही त्यातच, पोरीला मांडीवर घेऊन. तक्ता गड्यांनी पाहिला. पुढं मी पाणी आणायला विहिरीवर गेले आणि मागं सासूबाईंनी औषध केलं.

मी पोरीला उचलून पळाले. पदर खांद्यावर आलेला. सासूबाईंचे ते थोरले दीर ओट्यावर होते, त्यांनीच मान फिरवली. नर्सबाई गुरुजींच्या घरी जेवत होत्या, त्या उष्ट्या हातानंच उठल्या. एसटीनं परतूरला निघालो. वाटभर बाई पोरीला चमच्यानं साधं पाणी पाजत होत्या.

"अहो, मी चित्रात दाखवलं होतं ना," त्या म्हणाल्या.

"चित्र गड्यांनी पाह्यलं, बाई. पाणी आमी करतो."

दवाखान्यात पोरीला सलाईन लागलं.

पुढच्या खेपेला त्यांनी तक्ता टांगलाच नाही. बायांच्या मधोमध जमिनीवर अंथरला. आमच्या माना खालीच असत, त्यामुळे सगळ्यांना दिसला. मग तक्ता गुंडाळून बाजूला ठेवला आणि एकेकीच्या बोटांनी चिमूट धरायला लावली. पाणी चाखायला दिलं, "आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या," म्हणाल्या. शेजारीण सासूबाईंना म्हणाली, "तुमची चिमूट बिलकुल धरू नका, आक्का, बैलाची हाय ती." सासूबाईसुद्धा हसल्या. देवळात बाया एवढ्या मोठ्यानं हसलेल्या मी तेव्हाच ऐकल्या. ते दिवस बरे होते असं मी म्हणत नाही, पण ती सकाळ बरी होती.

आता नातवासोबत सभांना जाते. वक्ते पडद्याकडे तोंड करून "हे बघा" म्हणतात. मागं बसलेल्या म्हातारीला काय दिसतं, कुणी विचारत नाही.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या. पोरगी जगली. औरंगाबादला असते.