टोपी की तोंड

औशाच्या बसस्थानकावर मी नवा कॅमेरा मॅन्युअलवर टाकून शिकत होतो. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा समोर येऊन बसला. "माझा एकट्याचा काढा," म्हणाला. "हार घालायला."

त्याची बायको गेली तेव्हा तिचा फोटो एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून कापून काढला होता. "तिच्या खांद्यावर एक हात तसाच राह्यलाय. कुणाचा, ते कुणालाच ठावं न्हाई."

तो छाती ताठ करून, श्वास धरून बसे. टोपी नीट आली की चेहरा काळा पडे. शटर हळू करून चेहरा उजळावा, तर टोपी मागच्या उन्हात विरून जाई. आयएसओ, अ‍ॅपर्चर, सगळं फिरवून पाहिलं. दर खेपेला तो श्वास सोडी आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावे.

"मामा, टोपी काढता का?"

"टोपीबिगर मला कोण वळखंल?"

तेवढ्यात किल्लारीची गाडी लागली. तो उठला. "टोपीचाच ठेवा. तोंडाकडं तसं बी कोण बघतंय."

नाव-गाव न सांगताच तो गर्दीतून चढला. फोटो माझ्याकडंच राहिला. पांढरीशुभ्र टोपी, आणि तिच्याखाली अंधार.